प्रयोगशाळेतील उपकरणे आणि वैयक्तिक संरक्षण साधने : निवड, वापर व मर्यादा

सारांश

एप्रन, हातमोजे, सुरक्षा चष्मा व मुखपट्टी ही साधने महाविद्यालयीन प्रयोगशाळांना परिचित आहेत. परंतु त्यांचा वापर पुष्कळदा गणवेश किंवा नियमपूर्ती एवढ्यापुरताच राहतो. प्रत्येक साधन विशिष्ट धोक्यासाठी आणि विशिष्ट मर्यादेपर्यंतच उपयोगी असते. धोक्याशी न जुळणारे साधन संरक्षण न देता केवळ खोटा विश्वास देते. प्रस्तुत लेखात काही नोंदलेल्या दुर्घटनांच्या आधारे या साधनांच्या निवडीची तत्त्वे, उपकरणनिहाय दक्षता, साधनांच्या मर्यादा आणि शिक्षकाचे दायित्व यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : प्रयोगशाळा सुरक्षितता, वैयक्तिक संरक्षण साधने, हातमोजे, नेत्रसंरक्षण, धोका-मूल्यमापन.

१. प्रस्तावना

प्रायोगिक विज्ञानाचा इतिहास जसा शोधांचा आहे, तसाच तो इजांचाही आहे. नायट्रोजन ट्रायक्लोराइड या स्फोटक द्रवाचा शोध लावणारे फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर द्युलाँ यांनी इ. स. १८११ च्या सुमारास त्याच द्रवाच्या स्फोटांत एक डोळा आणि हाताची बोटे गमावली. पुढच्याच वर्षी सर हंफ्री डेव्ही यांच्या डोळ्याला त्याच पदार्थाने इजा केली. त्या काळी अशी इजा ही ज्ञानसाधनेची अपरिहार्य किंमत मानली जाई. आज तसे मानता येत नाही. कारण धोका ओळखण्याची आणि त्यापासून बचाव करण्याची साधने आपल्या हाती आहेत.

रबरी हातमोज्यांचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. १८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यचिकित्सक विल्यम हॅल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी मोजे बनवून घेतले. शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांची त्वचा जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या मर्क्युरिक क्लोराइडने खराब होत होती, हे त्यामागचे कारण होते. म्हणजे हे मोजे मुळात रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून नव्हे, तर काम करणाऱ्या व्यक्तीला रसायनापासून वाचविण्यासाठी आले. एक विशिष्ट व्यक्ती, एक विशिष्ट रसायन आणि शरीराचा एक विशिष्ट भाग यांचा विचार करून घडविलेले ते साधन होते. संरक्षण साधनांच्या निवडीचे मूलतत्त्व याच घटनेत सामावलेले आहे.

२०२० मधील कोविड महासाथीमुळे ‘पीपीई किट’ हा शब्द घरोघरी पोहोचला. त्याचा एक अनिष्ट परिणाम असा झाला, की संरक्षण साधने म्हणजे एक तयार संच आणि तो अंगावर चढविला की माणूस सुरक्षित झाला, अशी समजूत दृढ झाली. प्रयोगशाळेत असा सर्वांना, सर्व वेळी पुरणारा संच अस्तित्वात नाही. म्हणून ‘साधन आहे का?’ हा प्रश्न अपुरा ठरतो. ‘हे साधन कोणत्या धोक्यासाठी, किती वेळपर्यंत आणि कोणाच्या संरक्षणासाठी?’ असा तिहेरी प्रश्न विचारला पाहिजे. प्रस्तुत लेखातील विवेचन याच प्रश्नाभोवती केंद्रित आहे.

२. सुरक्षा व्यवस्थेत संरक्षण साधनांचे स्थान

सुरक्षाशास्त्रात धोका नियंत्रणाचे पाच टप्पे मानले जातात. (१) धोका समूळ काढून टाकणे, (२) घातक पदार्थाऐवजी किंवा पद्धतीऐवजी कमी घातक पर्याय योजणे, (३) फ्यूम हूड, आडपडदे, स्वयंचलित बंद यंत्रणा यांसारखे तांत्रिक उपाय करणे, (४) प्रशिक्षण, लेखी कार्यपद्धती, वेळेचे व प्रवेशाचे नियमन असे प्रशासकीय उपाय करणे आणि (५) वैयक्तिक संरक्षण साधने वापरणे. हा क्रम परिणामकारकतेचा आहे. संरक्षण साधन शेवटच्या पायरीवर येते. कारण ते धोका कमी करीत नाही, फक्त धोका आणि शरीर यांच्यामध्ये एक पातळ भिंत उभी करते. भिंत फाटली, घसरली किंवा चुकीची निवडली गेली, की धोका पूर्ण शक्तीनिशी समोर उभा राहतो.

काचसामान धुण्यासाठी अनेक प्रयोगशाळांत वापरले गेलेले क्रोमिक आम्लाचे मिश्रण हे याचे सोपे उदाहरण आहे. त्यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. ते हाताळणाऱ्याला उत्तम हातमोजे देणे हा पाचव्या पायरीचा उपाय झाला. बहुतेक कामांसाठी प्रयोगशाळेतील साबणी द्रावण वापरून हे मिश्रणच बंद करणे हा दुसऱ्या पायरीचा उपाय होय आणि तोच श्रेष्ठ होय.

काही धोक्यांपुढे संरक्षण साधन मुळातच निष्प्रभ असते. ५ डिसेंबर २०१८ रोजी बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या अतिस्वनातीत वेगविषयक प्रयोगशाळेत वायूच्या सिलिंडरशी संबंधित स्फोट होऊन एक संशोधक मृत्युमुखी पडला आणि तिघे गंभीर जखमी झाले. १६ मार्च २०१६ रोजी हवाई विद्यापीठात हायड्रोजन, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण साठविलेल्या टाकीचा स्फोट होऊन एका संशोधिकेला हात गमवावा लागला. दाबाखालील वायूच्या स्फोटापुढे चष्मा व हातमोजे यांची मातब्बरी ती किती? अशा ठिकाणी वायूंचे सुरक्षित प्रमाण, योग्य दर्जाचे दाबमापक, ठिणगीरोधक जोडण्या आणि सिलिंडर साखळीने भिंतीला बांधून ठेवणे हेच खरे संरक्षण असते.

३. दोन दुर्घटना, दोन धडे

संरक्षण साधनांच्या अभ्यासात दोन दुर्घटनांचा उल्लेख वारंवार होतो. दोन्ही घटना प्रगत देशांतील नामांकित संस्थांमध्ये घडल्या, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

पहिली घटना अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयातील प्राध्यापिका कॅरेन वेटरहान यांची. विषारी धातूंचा सजीवांवरील परिणाम हाच त्यांच्या संशोधनाचा विषय होता. १४ ऑगस्ट १९९६ रोजी एनएमआर उपकरणावरील मोजणीसाठी प्रमाण-पदार्थ म्हणून लागणारे डायमिथिल मर्क्युरी त्या हाताळत होत्या. काम फ्यूम हूडमध्ये चालले होते. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा आणि हातांत लॅटेक्सचे मोजे होते. तत्कालीन नियमांनुसार त्यांची दक्षता निर्दोष होती. पिपेटमधून द्रवाचे एखाद-दोन थेंब मोज्यावर पडले. सुमारे पाच महिन्यांनी तोल जाणे, बोलण्यात अडखळणे अशी लक्षणे प्रकट झाली आणि ८ जून १९९७ रोजी पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचे निधन झाले. नंतरच्या चाचण्यांत आढळले, की हे संयुग तशा पातळ मोज्यातून १५ सेकंदांच्या आतच आरपार जाते. मोजा फाटला नव्हता. त्याला छिद्रही नव्हते. तो त्या रसायनासाठी नव्हता, एवढेच. त्यानंतर अशा संयुगांसाठी आत बहुस्तरीय प्लास्टिक पटलाचे मोजे आणि त्यावर लांब बाह्यांचे जाड निओप्रीनचे मोजे, अशी जोडी वापरण्याची शिफारस करण्यात आली. त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे, शक्य तेथे हे संयुगच टाळावे, असा सल्ला देण्यात आला.

दुसरी घटना लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील. २९ डिसेंबर २००८ रोजी शेहरबानो संगजी ही २३ वर्षांची संशोधन साहाय्यक हवेत आपोआप पेट घेणारे टर्शरी ब्युटिल लिथियम सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निघून आला, द्रव उडाला आणि तिच्या कपड्यांनी पेट घेतला. तिच्या अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, एप्रन नव्हता. शरीराचा सुमारे ४० टक्के भाग भाजला आणि १८ दिवसांनी, १६ जानेवारी २००९ रोजी, तिचा मृत्यू झाला. या प्रयोगशाळेत एप्रन वापरले जात नाहीत, अशी नोंद दुर्घटनेपूर्वी सुमारे दोन महिने झालेल्या अंतर्गत तपासणीत करण्यात आली होती. पुढे विद्यापीठावर आणि संबंधित प्राध्यापकांवर फौजदारी आरोप दाखल झाले. २०१२ मध्ये विद्यापीठाने आणि २०१४ मध्ये प्राध्यापकांनी सरकारी पक्षाशी समझोता केला. शैक्षणिक प्रयोगशाळेतील अपघाताबद्दल मार्गदर्शक प्राध्यापकावर खटला उभा राहू शकतो, ही जाणीव या घटनेने जगभरातील विद्यापीठांना करून दिली.

पहिल्या घटनेत साधन होते, पण अयोग्य होते. दुसऱ्या घटनेत आवश्यक साधन अंगावर नव्हतेच आणि ती उणीव कागदावर नोंदली गेलेली होती. पहिली त्रुटी ज्ञानाची होती, दुसरी व्यवस्थेची. आपल्या प्रयोगशाळांत या दोन्ही त्रुटी संभवतात.

४. साधनांची निवड : अवयवनिहाय विचार

४.१ डोळे व चेहरा

दृष्टिदोषासाठी वापरला जाणारा नेहमीचा चष्मा हे नेत्रसंरक्षण नव्हे. त्याच्या बाजू उघड्या असतात आणि काच आघातासाठी तपासलेली नसते. बाजूंना संरक्षक पट्ट्या असलेला सुरक्षा चष्मा उडणाऱ्या कणांसाठी पुरेसा असतो. द्रव उडण्याची शक्यता असेल, तर चेहऱ्याला घट्ट बसणारा आणि हवेची छिद्रे आडवळणाची असलेला गॉगल आवश्यक ठरतो. निर्वात काचपात्र आत कोसळण्याचा किंवा मोठ्या प्रमाणात द्रव उडण्याचा संभव असेल, तेथे पूर्ण चेहरा झाकणारे मुखकवच वापरावे. मात्र ते गॉगलला पर्याय नसून जोड आहे. खरेदी करताना भारतीय मानक आयएस ५९८३, युरोपीय मानक ईएन १६६ किंवा अमेरिकन मानक झेड ८७.१ यांची खूण पाहावी. चष्मा लावणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी चष्म्यावरून घालता येणारे गॉगल स्वतंत्रपणे मागवावे लागतात.

लेसरच्या बाबतीत नियम निराळा आहे. लेसरसाठीचा चष्मा ठरावीक तरंगलांबीपुरताच उपयोगी असतो. ६३२.८ नॅनोमीटरचा तांबडा हीलियम-निऑन लेसर अडविणारा चष्मा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर सहज आरपार जाऊ देऊ शकतो. चष्म्यावर तरंगलांबी आणि प्रकाशीय घनता असे दोन आकडे छापलेले असतात. घनता ४ म्हणजे दहा हजारांश, तर घनता ५ म्हणजे एक लक्षांश प्रकाशच आत येतो. काही स्वस्त हिरव्या लेसरमधून अदृश्य अवरक्त किरणही बाहेर पडतात. ते दिसत नसल्यामुळे पापणी मिटत नाही आणि दृष्टिपटलाला इजा होऊ शकते.

४.२ हात

हातमोज्यांच्या बाबतीत तीन प्रक्रिया वेगळ्या ओळखाव्या लागतात. छिद्रातून किंवा फटीतून द्रव आत येणे ही पहिली. मोज्याचा पदार्थ फुगणे, मऊ पडणे वा तडकणे ही दुसरी. एकही छिद्र नसताना रसायनाचे रेणू मोज्याच्या पदार्थातून आरपार जाणे, म्हणजेच पारगमन, ही तिसरी आणि सर्वांत फसवी. कारण ती डोळ्यांना दिसत नाही. रसायन मोज्याच्या आतल्या बाजूस ठरावीक प्रमाणात आढळू लागेपर्यंत जो वेळ लागतो, त्याला भेदनकाल म्हणतात. मोज्यांची निवड या कालावरून करावी.

लॅटेक्स पाणीयुक्त द्रावणांसाठी व जैविक नमुन्यांसाठी ठीक असते. सेंद्रिय द्रावकांसाठी नव्हे. शिवाय काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. नायट्राइल तेले, चरबी व अनेक हायड्रोकार्बन यांना चांगले तोंड देते. परंतु एकदाच वापरायच्या पातळ नायट्राइल मोज्यातून अ‍ॅसिटोन काही मिनिटांत, तर डायक्लोरोमिथेन त्याहूनही लवकर आत येते. अ‍ॅसिटोनसारख्या कीटोनांसाठी ब्युटिल रबर आणि क्लोरीनयुक्त व अ‍ॅरोमॅटिक द्रावकांसाठी व्हायटॉन अधिक योग्य. पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा मोजा अ‍ॅरोमॅटिक द्रावकांना उत्तम अडवितो, पण पाण्यात विरघळतो. तात्पर्य, सर्व रसायनांना पुरून उरणारा मोजा नाही. २०१६ च्या आयएसओ ३७४-१ मानकानुसार मोज्यांचे अ, ब, क असे तीन प्रकार मानले जातात. ठरवून दिलेल्या रसायनांपैकी किमान सहांना ३० मिनिटे अडविणारा पहिला, किमान तिघांना ३० मिनिटे अडविणारा दुसरा आणि किमान एकाला १० मिनिटे अडविणारा तिसरा. पातळ मोजा हा केवळ आकस्मिक शिंतोड्यासाठी असतो. द्रावक अंगावर पडताच तो काढून, हात धुऊन नवा घालावा.

४.३ शरीर व पाय

आपल्याकडील बहुसंख्य एप्रन टेरिकॉटचे असतात; ते लवकर मळत नाहीत आणि इस्त्री टिकते. परंतु पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळलेला धागा त्वचेला चिकटून जखम खोल करतो. सुती कापड जळते, पण वितळत नाही. ज्वालेजवळ किंवा ज्वलनशील द्रावकांसह काम असेल, तेथे शंभर टक्के सुती, पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा एप्रन हवा आणि त्याची बटणे लावलेली हवीत. हवेत आपोआप पेटणारी रसायने हाताळताना ज्वालारोधक कापडाचाच एप्रन वापरावा. ओढणी, साडीचा पदर आणि मोकळे केस एप्रनच्या आत किंवा बांधलेले असावेत. काचेच्या बांगड्या फुटून मोजा भेदू शकतात. सांडलेले आम्ल, फुटलेली काच आणि द्रव नायट्रोजन यांचा पहिला मुक्काम पायावर असतो. म्हणून चपला व सँडल वर्ज्य; पावसाळ्यात घातल्या जाणाऱ्या रबरी चपलांचाही अपवाद करू नये.

एप्रन आणि जेवणाचा डबा एकाच पिशवीतून नेणे, एप्रन घालून उपाहारगृहात जाणे आणि तो घरच्या कपड्यांबरोबर धुणे या सवयी फार पसरलेल्या आहेत. असे केल्याने संरक्षणासाठी घातलेले वस्त्र दूषित पदार्थांचे वाहक बनते.

४.४ श्वसनमार्ग

मुखपट्टी आणि श्वसनयंत्र यांविषयीचा गोंधळ २०२० नंतर वाढला आहे. शस्त्रक्रियागृहातील मुखपट्टी मुख्यतः घालणाऱ्याच्या तोंडातील तुषार अडविते. एन ९५ प्रकारची मुखपट्टी सुमारे ०.३ मायक्रोमीटर आकाराचे किमान ९५ टक्के कण गाळते. भारतीय मानक आयएस ९४७३ अशाच कणरोधक मुखपट्ट्यांसाठी आहे. परंतु या दोहोंपैकी कोणतीही मुखपट्टी बाष्प किंवा वायू अडवीत नाही. फॉर्मॅलिनमधील नमुने हाताळताना एन ९५ घालणे म्हणजे जाळीने पाणी अडविण्यासारखे आहे. बाष्पासाठी विशिष्ट रसायनाचे शोषक कार्ट्रिज असलेले श्वसनयंत्र लागते. तेही ऑक्सिजन पुरवीत नाही. म्हणून द्रव नायट्रोजनमुळे हवेतील ऑक्सिजन घटला असेल, तर गाळणीचे कोणतेही साधन उपयोगी पडत नाही. महाविद्यालयीन पातळीवर श्वसनसंरक्षणाचे मुख्य साधन चालू स्थितीतील फ्यूम हूड व खेळती हवा हेच असले पाहिजे.

४.५ कान

अल्ट्रासोनिकेटर, निर्वात पंप व कॉम्प्रेसर यांच्या सान्निध्यात दीर्घकाळ काम असेल, तर कर्णरक्षक द्यावेत. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने सुचविलेली मर्यादा आहे.

५. उपकरणनिहाय दक्षता

अ) ऑटोक्लेव्ह : १२१ अंश सेल्सिअस तापमान व प्रतिचौरस इंच १५ पौंड दाब. झाकण उघडताना वाफ, तसेच अतितप्त द्रव एकाएकी उसळणे हे धोके. उष्णतारोधक लांब मोजे व मुखकवच आवश्यक. मोजे ओले असल्यास उष्णता त्वरित आत पोहोचते. म्हणून ते कोरडेच हवेत.

आ) मफल भट्टी : उष्णतारोधक मोजे, लांब चिमटा व मुखकवच. जुन्या प्रयोगशाळांत अजून असलेले अ‍ॅस्बेस्टॉसचे मोजे व अ‍ॅस्बेस्टॉस लावलेल्या जाळ्या वापरातून काढून टाकाव्यात. त्यांचे तंतू कर्करोगकारक आहेत.

इ) अतिनील ट्रान्सइल्युमिनेटर : अतिनील किरण अडविणारे पॉलिकार्बोनेटचे मुखकवच. साधा गॉगल डोळे वाचवितो. गाल व मान मात्र भाजतात. मोजा आणि बाही यांच्यामधील मनगटाची उघडी पट्टी हमखास दुर्लक्षित राहते.

ई) द्रव नायट्रोजन : उणे १९६ अंश सेल्सिअस. झटकन काढता येतील असे सैल, उष्णतारोधक मोजे, मुखकवच, पँटचा पायघोळ भाग बुटाच्या बाहेर. मोजे द्रवात बुडविण्यासाठी नाहीत. एका लिटरपासून सुमारे ७०० लिटर वायू होतो, म्हणून बंद खोलीत काम वर्ज्य.

उ) उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखक : अ‍ॅसिटोनायट्राइल, मिथेनॉल इत्यादी द्रावक ओतताना गॉगल व योग्य मोजे. टाकाऊ द्रावकाची बाटली बदलणे हे सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वाधिक संपर्काचे काम आहे.

ऊ) रोटरी इव्हॅपोरेटर व निर्वात शोषकपात्र : काच आत कोसळण्याचा धोका. तारा गेलेली काच वापरू नये. गॉगलसह आडपडदा किंवा मुखकवच हवे.

ए) सेंट्रीफ्यूज : तुटलेल्या रोटरपासून अंगावरील कोणतेही साधन वाचवू शकत नाही, समतोल, झाकणाची कुलपी यंत्रणा आणि रोटरचे आयुष्य यांवरच भिस्त. जैविक नमुन्याची नळी फुटल्याची शंका आल्यास झाकण तत्काळ न उघडता तुषार बसू द्यावेत.

ऐ) क्ष-किरण विवर्तनमापक : आवरण व त्याची स्वयंचलित बंद यंत्रणा हेच मुख्य संरक्षण. छातीवरील टीएलडी बिल्ला किरणमात्रा फक्त मोजतो, अडवीत नाही.

६. साधनच धोका ठरते तेव्हा

फिरणाऱ्या यंत्राजवळ हातमोजे घालू नयेत, हा नियम अनेकांना विपरीत वाटतो. लेथ, ड्रिल किंवा यांत्रिक ढवळणीत मोज्याचे टोक अडकले, तर यंत्र बोटांसह हात ओढून घेते. केस व सैल कपडे यांनाही हेच लागू पडते. एप्रिल २०११ मध्ये येल विद्यापीठाच्या रसायनशास्त्र इमारतीतील कार्यशाळेत रात्री एकटीच काम करणाऱ्या विद्यार्थिनीचे केस लेथमध्ये अडकून तिचा मृत्यू झाला. येथे रक्षण करणारी साधने म्हणजे घट्ट बांधलेले केस, आखूड बाह्या आणि शेजारी दुसरी व्यक्ती असणे.

दूषित मोज्यांचा प्रश्न अधिक रोजचा आहे. मोजा घातलेल्या हाताने दाराची कडी, उपकरणाचा कळफलक किंवा भ्रमणध्वनी हाताळला, की रसायन दुसऱ्याच्या उघड्या हाताकडे जाते. मोजा घालणारा सुरक्षित आणि त्याच्यानंतर येणारा असुरक्षित, अशी ही स्थिती होय. सामायिक उपकरणाचा कळफलक मोज्यांनी हाताळायचा की मोज्यांविना, हे प्रत्येक उपकरणासाठी एकदाच ठरवून तेथे ठळकपणे लिहून ठेवावे.

७. प्रयोगकर्त्याच्या पलीकडे : परिचर व इतर

संरक्षण साधनांचा विचार बहुधा प्रात्यक्षिक करणाऱ्या विद्यार्थ्यापुरता होतो. प्रत्यक्षात संहत आम्लांच्या बाटल्यांतून द्रावणे तयार करणारे प्रयोगशाळा साहाय्यक, दूषित काचसामान धुणारे परिचर आणि कचरा उचलणारे सफाई कर्मचारी यांचा संपर्क अधिक वेळचा व अधिक प्रमाणातला असतो. विद्यार्थ्याच्या परीक्षानळीत काही मिलिलिटर विरल आम्ल असते. परिचराच्या हाती अडीच लिटरची बाटली असते. तरीही गॉगल विद्यार्थ्यासाठी आणि परिचरासाठी फार तर एखादा जुना मोजा, अशी विभागणी अनेक ठिकाणी दिसते. ही केवळ तांत्रिक त्रुटी नसून न्यायाचा प्रश्न आहे.

धोका प्रयोगशाळेच्या दाराशी थांबत नाही, याचे कठोर प्रत्यंतर २०१० मध्ये आले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील, दीर्घकाळ वापरात नसलेले गॅमा किरण उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरी येथील भंगार बाजारात ते फोडले गेल्यावर त्यातील कोबाल्ट ६० च्या किरणोत्साराने अनेकांना बाधा झाली आणि एकाचा मृत्यू झाला. ज्यांच्या हाती ते पोहोचले, त्यांना त्यात काय आहे हेच ठाऊक नव्हते. धोक्याची माहिती हेच पहिले संरक्षण साधन आहे आणि ते देण्याची जबाबदारी ज्याच्याकडे माहिती आहे त्याची असते.

८. शिक्षकाचे दायित्व व काही शिफारशी

१९४८ च्या कारखाने अधिनियमात नेत्रसंरक्षणासाठी कलम ३५ नुसार स्वतंत्र तरतूद होती. परंतु तो कायदा कारखान्यांसाठी होता. अमेरिकेत १९९० पासून प्रयोगशाळांसाठी स्वतंत्र सुरक्षा मानक लागू आहे आणि त्यानुसार प्रत्येक संस्थेला लेखी रसायन-सुरक्षा आराखडा ठेवावा लागतो. कायद्याची सक्ती असो वा नसो, असा आराखडा तयार करणे कोणत्याही विभागाला शक्य आहे. त्या दृष्टीने पुढील शिफारशी कराव्याशा वाटतात.

(१) प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या पुस्तिकेत ‘साहित्य’ व ‘कृती’ यांच्या आधी ‘धोके व संरक्षण साधने’ असे शीर्षक असावे. प्रत्येक रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकात १६ विभाग असतात. त्यांपैकी आठवा विभाग संरक्षण साधनांचा व चौथा प्रथमोपचाराचा असतो. या दोहोंचा मराठी सारांश भिंतीवर लावावा.

(२) दरपत्रके मागविताना केवळ ‘हातमोजे, १०० नग’ असे न लिहिता पदार्थ, जाडी, बाहीची लांबी, मानक व आकार नमूद करावेत. एकाच आकाराचे मोजे सर्वांना दिल्यास सैल मोज्यातून काचसामान निसटते आणि घट्ट मोजे फाटतात.

(३) साधनांचा खर्च ‘किरकोळ’ सदरात न टाकता वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र धरावा. साहाय्यक व परिचर यांची साधने त्यात प्रथम यावीत.

(४) नेत्रप्रक्षालन नळ दहा सेकंदांत गाठता येईल अशा अंतरावर असावा, त्यातून सलग १५ मिनिटे पाणी मिळावे आणि तो दर आठवड्याला चालवून पाहावा. हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरणाऱ्या विभागाने कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी ठेवल्याखेरीज काम सुरू करू नये.

(५) तपासणीत आढळलेली उणीव दूर करण्याची तारीख व जबाबदार व्यक्ती त्याच नोंदीत लिहावी. लॉस एंजेलिसच्या घटनेत उणीव नोंदली गेली होती. ती वेळेत दूर झाली नाही.

(६) शिक्षकाने स्वतः साधने वापरावीत. गॉगल कपाळावर चढवून ‘गॉगल लावा’ असे सांगणाऱ्या शिक्षकाकडून विद्यार्थी गॉगल कपाळावर चढविणेच शिकतो.

९. निष्कर्ष

वैयक्तिक संरक्षण साधन ही वस्तू नसून एक निर्णय आहे. धोका कोणता, तो कोणत्या मार्गाने शरीरापर्यंत पोहोचतो, साधन त्याला किती वेळ अडवू शकते आणि त्या धोक्याच्या वाटेवर आणखी कोण उभे आहे, या प्रश्नांची उत्तरे शोधल्यानंतरच तो निर्णय घेता येतो. ही उत्तरे साधने विकणाऱ्याकडे नसतात आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याकडूनही त्यांची अपेक्षा करता येत नाही. ती शोधणे हे प्रात्यक्षिक आखणाऱ्या शिक्षकाचे बौद्धिक काम आहे. प्रयोगाचे तत्त्व समजावून देण्याइतकेच ते अध्यापनाचा भाग आहे. प्रयोगशाळेतून पदवीबरोबर शाबूत डोळे व हात घेऊन बाहेर पडणे हा प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्क आहे आणि तोच हक्क त्या प्रयोगशाळेतील काचसामान धुणाऱ्या परिचराचाही आहे.